देशमुख कायद्याचा शोध

आपल्या मंडळाच्या एका भगिनीने गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या गडबडीत मला बाजूस घेऊन विचारले, "तुम्ही जुनी पुस्तके चाळता, देशमुख कायदा म्हणून काही असतो का हो?" मी प्रथम हसले. देशमुख म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गढी आणि वतन उभे राहते. परंतु त्यांचा चेहरा पाहिला आणि प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही हे ध्यानात आले. तिळगूळ वाटून झाल्यावर आम्ही दोघी मागच्या गॅलरीत जाऊन बसलो आणि त्यांनी सगळी हकीकत सांगितली. ती त्यांच्या परवानगीने, नावे गाळून, येथे देत आहे.

गिरगावातल्या एका वाडीत त्यांच्या आजोळचे दुमजली घर आहे. घर वडिलोपार्जित. दोघे भाऊ एकत्र राहात. धाकटे भाऊ, म्हणजे या भगिनीच्या आईचे वडील, १९३७ साली ऐन तिशीत वारले. मागे बायको आणि दोन लहान मुली, मुलगा नाही. थोरल्या दिरांनी भावजयीला सांभाळले, दोन्ही मुलींची लग्ने करून दिली. आजी त्याच घरात राहिली आणि त्याच घरात १९६८ साली गेली. घराच्या कागदांवर मात्र थोरल्या भावाचे आणि त्यांच्यामागे त्यांच्या मुलांचेच नाव चढत गेले. आता ते घर पाडून तेथे मोठी इमारत व्हावयाची आहे, आणि कागद तपासताना प्रश्न निघाला की दुसऱ्या भावाची शाखा कोठे गेली?

थोरल्या शाखेचे म्हणणे असे, की धाकटे आजोबा एकत्र कुटुंबात असताना वारले, त्यांना मुलगा नव्हता, सबब त्यांचा हिस्सा त्याच क्षणी भावाकडे गेला. आजीला अन्नवस्त्राचा हक्क होता आणि ते तिला शेवटपर्यंत सन्मानाने मिळाले. या बोलण्यात लबाडी नव्हती. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना तसेच सांगितले होते, आणि त्या वडीलधाऱ्यांच्या लहानपणापर्यंत कायदाही अगदी तसाच होता. भगिनीच्या ओळखीच्या एका तरुण वकिलांनी मात्र विचारले, "आजोबा १९३७ सालच्या कोणत्या महिन्यात वारले? देशमुख कायदा पाहावा लागेल. तो रद्द होऊन पुष्कळ वर्षे झाली. पण मूळ मजकूर डोळ्यांखालून गेल्याशिवाय मी काही लिहून देणार नाही."

हा मजकूर शोधण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. वाटले होते, दोन दिवसांत होईल. लागले साडेतीन महिने.

शोधाची हकीकत सांगण्याआधी, १९३७ पूर्वी आपल्या घरांतून काय चालत असे ते थोडे सांगणे भाग आहे. वारशाच्या बाबतीत बंगाल सोडून बहुतेक हिंदुस्थानात विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' प्रमाण. गुजरात, उत्तर कोकण आणि हे आपले मुंबई बेट या ठिकाणी जेथे मतभेद असेल तेथे नीलकंठभट्टाचा 'व्यवहारमयूख' वरचढ. या 'मयूखा'चे इंग्रजी भाषांतर रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० साली छापले, आणि पुढे १९२६ साली त्याची चिकित्सक आवृत्ती काढली ती गिरगावातच राहून वकिली व धर्मशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या पांडुरंग वामन काणे यांनी. ज्या कायद्याने आपल्या आज्यापणज्यांचे संसार चालले, त्याचे मूळ शब्द तपासणारे गृहस्थ आपल्याच वस्तीत राहात होते, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल?

असो. एकत्र कुटुंबात पुरुष वारला की त्याच्या हिश्शाला त्याची बायको वारस नव्हे; मागे राहिलेल्या पुरुषांचे हिस्से तेवढ्याने वाढत. बाईला मिळे ती पोटगी आणि राहावयास जागा. पुरुष विभक्त असला आणि त्याला मुलगा नसला तर विधवेला मालमत्ता मिळे, पण हयातीपुरती. मुंबईकडच्या कायद्यात एक मौजेचा भेद होता. मुलगी किंवा बहीण, म्हणजे ज्या घरात जन्मली त्या घरची स्त्री, वारसाने काही घेई ते पूर्ण मालकीने घेई. आणि सून म्हणून जी त्या घरात आली, ती विधवा किंवा आई, तिचा हक्क मात्र मर्यादित. एकाच छपराखाली लेकीची मालकी पुरी आणि तिच्या आईची अपुरी! ज्या बाईने घराच्या चुलीपुढे उभा जन्म काढला तिच्यावरच शास्त्राचा विश्वास कमी, असे माझ्या मनात आल्यावाचून राहिले नाही.

याविरुद्ध बोलणे पुष्कळ दिवस चालले होते. १९२७ साली पुण्यास पहिले अधिवेशन भरवून सुरू झालेल्या अखिल भारतीय महिला परिषदेने पुढील दशकात स्त्रियांच्या वारसाहक्काचा प्रश्न लावून धरला. १९२९ सालच्या एका छोट्या कायद्याने मुलाची मुलगी, मुलीची मुलगी, बहीण आणि बहिणीचा मुलगा यांना वारसांच्या रांगेत पुढची जागा मिळाली. विधवेचे मात्र तसेच राहिले. मग पुढे आले डॉ. गोपाळराव देशमुख. हे मुंबईचे नामांकित शस्त्रवैद्य आणि दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद. पेडर रोडचे अधिकृत नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग आहे, ते यांच्याच नावाने. आपण सगळ्या अजून पेडर रोडच म्हणतो, आणि ज्यांच्या कायद्याने आपल्या आज्यांना घरात हिस्सा मिळाला त्यांचे नाव बसच्या पाटीवरही वाचत नाही.

डॉक्टरांनी मांडलेले विधेयक पुष्कळ मोठे होते; त्यात मुलींचाही विचार होता. निवड समितीतून बाहेर पडेपर्यंत मुली गळाल्या आणि विधवा तेवढ्या राहिल्या: स्वतः मृताची विधवा, त्याच्या आधी वारलेल्या मुलाची विधवा, आणि तशाच नातवाची विधवा. हा 'हिंदू स्त्रियांचा मालमत्तेवरील हक्क कायदा', १९३७ चा १८ वा, १४ एप्रिल १९३७ रोजी अमलात आला. तारीख लक्षात ठेवण्यास सोपी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा वाढदिवस.

आता शोध. मी प्रथम गेले ती फोर्टात कायद्याची पुस्तके विकणाऱ्या दुकानांत. तेथे आजचे सगळे कायदे पातळ पिवळ्या पुस्तिकांत मिळतात. रद्द झालेल्याला गिऱ्हाईक नाही, म्हणून पुस्तिका नाही. मग सरकारी खंड पाहिले. त्यांचे नावच मुळी 'अनरिपील्ड सेंट्रल ॲक्ट्स', म्हणजे जे रद्द झाले नाहीत तेवढेच आत. हे म्हणजे घराण्याच्या वंशावळीत केवळ हयात माणसे लिहून ठेवण्यासारखे झाले.

तेव्हा म्हटले, निदान तो कोणत्या कलमाने रद्द झाला ते तरी पाहू. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे शेवटचे, म्हणजे ३१ वे कलम उघडले, तर तेथे कलमाच्या जागी एकच ओळ: हे कलम १९६० च्या ५८ व्या कायद्याने रद्द. रद्द करणारे कलमच रद्द! मी क्षणभर घाबरले. मनात आले, असे असेल तर जुना कायदा पुन्हा जिवंत झाला की काय? तरुण वकिलांनी समजूत घातली, की १८९७ च्या सर्वसाधारण वाक्यखंड कायद्यात याची तजवीज आहे. रद्द करणारा कायदा काढून टाकला म्हणून पूर्वी रद्द झालेला उठून बसत नाही. पुसलेली रांगोळी, पुसणारे फडके धुऊन टाकल्याने परत उमटत नाही, तसे. काम झाल्यावर अशी कलमे पुस्तकातून झाडून काढण्याची सरकारची नेहमीची रीतच आहे. पण त्यामुळे होते असे, की आजचे पुस्तक वाचणाऱ्या बाईला १९३७ चा कायदा कधी होता याचा सुगावाही त्या जागी लागत नाही. १९५६ सालचे मूळ छापील पुस्तक मिळेल तरच १९२९ चा आणि १९३७ चा असे दोन्ही कायदे तेथे नावानिशी रद्द केलेले दिसतात.

अखेर फोर्टातल्या एका जुन्या ग्रंथालयात त्या त्या वर्षी झालेल्या कायद्यांचे वार्षिक खंड असल्याचे कळले. १९३७ चा खंड निघाला. पाने इतकी ठिसूळ की छायाप्रत काढू देईनात. आणि ते बरोबरच होते. मी वहीत हाताने उतरवून घेतले. कायदा तो केवढा, पाच कलमांचा. दीड तासात झाला. मोठ्या दिमाखात वही वकिलांपुढे ठेवली. त्यांनी वाचली आणि म्हणाले, "बाई, हा तो नव्हे."

झाले होते असे. मूळ कायद्यातील तिसऱ्या कलमाचे शब्द काही ठिकाणी संदिग्ध राहिले होते. म्हणून दुसऱ्याच वर्षी, १९३८ च्या ११ व्या कायद्याने, ते दुरुस्त केले. आणि ती दुरुस्ती १४ एप्रिल १९३७ पासूनच अमलात असल्याचे धरावयाचे, असे ठरविले. म्हणजे १९३७ च्या खंडात छापलेला मजकूर खरा असूनही लावावयाचा तो नव्हे. आमच्या भगिनीचे आजोबा नेमके या दोहोंच्या मधल्या काळात वारलेले असतील तरीही दुरुस्त मजकूरच लागणार. पुन्हा ग्रंथालय, पुन्हा वही. पडताळा पाहण्यासाठी मग दिनशा मुल्ला यांच्या हिंदू कायद्यावरील ग्रंथाची एक जुनी आवृत्ती एका निवृत्त वकिलांच्या कपाटातून मिळाली. तीत दुरुस्त मजकूर टिपांसकट छापलेला होता. मुल्ला मुंबईचे पारशी गृहस्थ. हिंदू घरांतल्या भांडणांचा तोड ज्या पुस्तकात पाहावयाचा ते पुस्तक एका पारशाने लिहिलेले, ही या शहराची खूण आहे. ज्यांना कायद्याचा जुना मजकूर पाहावयाचा असेल त्यांनी अशा टीकाग्रंथांच्या जुन्या आवृत्त्या रद्दीत घालू नयेत. नव्या आवृत्तीत जुने पुष्कळ गळते.

आता मजकुरात काय आहे ते. तिसऱ्या कलमाच्या पहिल्या पोटकलमाप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या स्वतंत्र मालमत्तेत विधवेला मुलाइतका हिस्सा. दुसऱ्या पोटकलमात आमच्या कामाचे: एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत ज्याचा हितसंबंध आहे असा पुरुष वारला, तर त्याचा जो हितसंबंध होता तोच त्याच्या विधवेचा. एवढ्या एका वाक्याने हिस्सा भावाकडे जाण्याची जुनी वाट अडविली गेली. तिसरे पोटकलम हात आखडते घेते: हा हक्क मर्यादित, जुन्या शास्त्राप्रमाणेच हयातीपुरता. पण लगेच पुढे म्हटले आहे, की वाटणी मागण्याचा अधिकार तिला पुरुष मालकासारखाच राहील. चौथे कलम तारखेचे आहे. हा कायदा अमलात येण्यापूर्वी जो वारला त्याच्या मालमत्तेला यातले काही लागू नाही.

म्हणून सगळे येऊन ठेपले महिन्यावर. घरात कोणाला इंग्रजी तारीख आठवेना. आजोबांचे श्राद्ध श्रावणात होत असे, एवढे धाकट्या मावशींना ठाऊक होते. श्रावण म्हणजे एप्रिल नव्हे हे उघडच होते. पण कोर्टकचेरीच्या कागदात श्राद्धाची तिथी कशी चालणार? महापालिकेच्या मृत्यूच्या नोंदीचा उतारा काढला. ऑगस्ट १९३७. कायदा अमलात येऊन चार महिने झाले होते.

मर्यादित हक्क म्हणजे काय, हे आजच्या मुलींना सांगून खरे वाटत नाही. उत्पन्न खावे, घरात राहावे. पण विकणे किंवा बक्षीस देणे स्वतःच्या मर्जीने नाही. विकावयाचे तर निकड दाखवावी लागे. नवऱ्याचे कर्ज, त्याचे उत्तरकार्य, मुलीचे लग्न, सरकारी देणे, स्वतःचा उदरनिर्वाह. त्या काळची विधवांनी केलेली खरेदीखते वाचा. पहिले पानभर ती बाई आपण का विकत आहोत याची कैफियत देत असते. पुरुषाच्या खरेदीखतात असले काही नसते. आणि एवढे करूनही ती वारल्यावर नवऱ्याचे पुढचे वारस उठत आणि म्हणत, निकड नव्हती, विक्री आमच्यावर बंधनकारक नाही. विधवेकडून घर घेणारा म्हणूनच हात राखून किंमत देई.

याच कुटुंबाची रत्नागिरी जिल्ह्यात थोडी भातखाचरे होती, त्यामुळे आणखी एक कागद शोधावा लागला. शेतजमिनीच्या वारशाचा विषय प्रांतांच्या अखत्यारीत होता. १९४१ साली फेडरल कोर्टाने मत दिले, की गव्हर्नरांच्या प्रांतांतील शेतजमिनीस देशमुख कायदा लागू नाही. मग मुंबई सरकारने १९४२ साली आपला वेगळा कायदा करून तो शेतजमिनीसही लावला. तेव्हा ज्यांचे गिरगावात घर आणि कोकणात खाचर अशी स्थिती आहे, त्यांनी घरासाठी एक कायदा आणि खाचरासाठी दोन, असे हिशेब धरावेत, आणि प्रांताचा कायदा कोणत्या दिवसापासून लागतो ते त्याच्या मजकुरातच पाहावे. ज्यांचे गाव सावंतवाडी, जंजिरा किंवा कोल्हापूर अशा संस्थानांत होते त्यांचा प्रश्न याहूनही निराळा. दिल्लीचे कायदेमंडळ संस्थानांसाठी कायदे करीत नसे. म्हैसूरसारख्या संस्थानाने तर १९३३ सालीच स्त्रियांच्या हक्कांचा स्वतःचा कायदा केला होता.

देशमुख कायद्यातल्या या अडचणी पाहण्यासाठीच १९४१ साली बेनेगल नरसिंग राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुण्याच्या लॉ कॉलेजचे ज. र. घारपुरे तिचे एक सभासद होते. त्या समितीतून हिंदू कोड बिल निघाले. ते अडले म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, आणि पुढे त्याचाच वारशाचा भाग हरि विनायक पाटसकर यांच्या हातून १९५६ साली तडीस गेला. देशमुख, आंबेडकर, पाटसकर. महाराष्ट्राने या बाबतीत मान खाली घालावी असे काही नाही. मात्र घराघरातून हे कायदे किती पोचले, हा प्रश्न वेगळा.

१७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा अमलात आला. त्याचे १४ वे कलम म्हणते, की हिंदू स्त्रीच्या कब्जात जी मालमत्ता असेल, ती तिला या कायद्याआधी मिळालेली असो की नंतर, तिची ती पूर्ण मालकीण. सुप्रीम कोर्टाने १९५९ साली कब्जा या शब्दाचा अर्थही सढळपणे लावला. जिने त्या तारखेआधीच घर विकून टाकले होते तिला काही मिळाले नाही. मृत्युपत्राने किंवा दस्ताने मुळातच मर्यादित हक्क दिला असेल तर त्यालाही त्याच कलमात अपवाद आहे. आमच्या भगिनीच्या आजी यांपैकी कशातच येत नव्हत्या. १९३७ च्या ऑगस्टात त्या अर्ध्या घराच्या मर्यादित मालकीण झाल्या, १९५६ च्या जूनमध्ये त्या अर्ध्याच्या पूर्ण मालकीण झाल्या, आणि १९६८ साली मृत्युपत्र न करता वारल्या तेव्हा त्यांचा हिस्सा त्यांच्या दोन मुलींकडे आला. यातली पहिली पायरी रद्द झालेल्या कायद्याची आहे. ती काढून घेतली तर वरच्या दोन्ही हवेत लोंबकळतात.

"रद्द झाला तो कायदा, आता त्याचे काय?" असे पुष्कळ जण म्हणतात. रद्द होणे म्हणजे त्या दिवसापासून पुढे न लागणे. त्याआधी मिळालेला हक्क त्याने पुसला जात नाही. सगळीकडे असेच आहे. आयर्लंडात विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगण्याचा हक्क ज्या १८८२ च्या ब्रिटिश कायद्याने आला, तो त्या देशाने १९५७ साली नवा कायदा करून रद्द केला. २००९ साली तर जमिनीसंबंधीचे शतकानुशतकांचे जुने कायदे एकदम निकालात काढले. तरीसुद्धा तेथील एखाद्या जुन्या घराची मालकी तपासावयाची तर ज्या दिवशी हक्क उत्पन्न झाला त्या दिवशीचा मजकूर पाहावा लागतोच.

लालबाग-परळच्या भगिनी म्हणतील, आमची खोली भाड्याची, आम्हांला वारसा कायदा कशाला? त्यांनाही जुने पुस्तक लागते. १९४७ चा मुंबईचा भाडे-नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून नव्या कायद्याला जागा देऊन गेला. त्या जुन्या कायद्यात मूळ भाडेकरू वारल्यावर भाडेकरू कोण, याचे उत्तर त्याच्याबरोबर राहात असलेले कुटुंबीय असे होते. रक्ताच्या नात्याबरोबर राहणेही पाहिले जाई. सासऱ्यांच्या मागे विधवा सुनेने खोली सांभाळली असेल तर तिचा प्रश्न त्या शब्दांवरच सुटेल किंवा अडेल. तसेच १९५६ च्या कायद्याचे २३ वे कलम. पुरुष वारसांनी मनावर घेतल्याखेरीज मुलींना राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. ते २००५ साली गेले. आजच्या पुस्तकात ते नाही, पण २००५ पूर्वीच्या कित्येक तडजोडी आणि हक्कसोड पत्रे त्या कलमाच्या धाकाखाली झालेली आहेत.

वाडीतल्या त्या घराची हकीकत पुरी करते. वकिलांनी इतर मुद्दे तपासले, दोन्ही शाखांना एकत्र बसविले, वहीतला मजकूर वाचून दाखविला. थोरल्या शाखेतल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी तो पुन्हा एकदा वाचावयास सांगितला, मग म्हणाले, "आमच्या आजोबांनाही हे ठाऊक नसावे." मला त्यांचे म्हणणे पटले. नव्या इमारतीच्या कराराच्या मसुद्यात दुसऱ्या शाखेची नावे आली. थोरल्या बहिणीच्या मागे आमची भगिनी आणि तिचे भाऊ. धाकट्या बहिणीची सही तिने स्वतः केली. त्या आता नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत, दादरला मुलाकडे असतात. सही करून झाल्यावर त्यांनी विचारले, "म्हणजे आई त्या घरात वाटणी मागू शकत होती?" वकील हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "ती तर दूध जास्त लागले तरी काकूंना विचारून घ्यायची."

१९३७ च्या कायद्याची १९३८ च्या दुरुस्तीसह हाताने केलेली नक्कल, १९५६ च्या मूळ पुस्तकातील ३१ व्या कलमाच्या नकलेसोबत, मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. ज्या भगिनींना पाहावयाची असेल त्यांनी शनिवारी दुपारी यावे, आणि येताना घरातले कोण कोणत्या तारखेस वारले ते लिहून आणावे. तिथी असली तरी चालेल. इंग्रजी तारीख आपण मिळून काढू.